आजारपणाच्या घरातली शाळकरी पोरे

मुक्ताईनगरला, म्हणजे आमच्या पिढीच्या एदलाबादला, मी बरीच वर्षे शाळेत शिकवले. नववीतली एक मुलगी रोज दुसऱ्या तासाला यायची. एकदा रागावलो, तेव्हा म्हणाली, "सर, आधी मायला उठवून बसवावं लागते, मग निघता येते." आईला अर्धांगवायू, बाप पहाटेच केळीचे घड वाहायला गेलेला. मी हजेरीपटावर उशिराची खूण करीत होतो आणि ती पोर घरची एक पाळी उरकून वर्गात येत होती.

अशा मुलांसाठी सरकारदरबारी काय आहे, हे मी निवृत्तीनंतर शोधू लागलो. रुग्णासाठी बरेच आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ठरावीक उपचारांचा खर्च भागतो. पण माणूस घरी आणल्यावर त्याची कूस बदलणारे हात कोणाचे, हे कोणी विचारत नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगांची नोंद झाली, त्यांची काळजी घेणाऱ्यांची नाही. शाळा सुटलेली अशी मुलगी 'घरकाम' या रकान्यात जाऊन बसते.

त्यातल्या त्यात जवळची आहे ती बालसंगोपन योजना. ती फक्त अनाथांची, असा सार्वत्रिक समज. वस्तुतः पालक गंभीर आजारी असतील तर त्यांच्या मुलांसाठीही ती मागता येते, आणि मूल घरीच राहते. महिन्याचे ४२५ रुपये २०२१ मध्ये १,१०० झाले, २०२३ मध्ये २,२५०. योजनेला सावित्रीबाईंचे नावही मिळाले. मंजुरी मात्र जिल्ह्याच्या बालकल्याण समितीची. म्हणजे कागद गोळा करा, भुसावळ ओलांडून जळगाव गाठा. तोवर मायजवळ कोणी बसायचे? आणि अठरावे वर्ष सरले की मदत थांबते, आजार थांबत नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यांनी अशा मुलांच्या गरजा तपासणे स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहूंना महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम किरकोळ, पण काळजी घेणारा माणूस निदान कागदावर आला. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. काळजी घेणारे मूलही असू शकते, हे मात्र त्यात कुठे दिसत नाही.

कोथळीच्या मंदिरात आपण त्या मुक्ताईपुढे हात जोडतो, जिने धाकटी असून थोरल्या भावाची समजूत घातली. धाकट्यांचे असे कौतुक आपल्याला सहज जमते. 'गुणाची पोर' म्हटले की पुढचे विचारायला नको!

मीही तेच म्हणालो होतो. त्या मुलीने दहावीनंतर शाळा सोडली. तिचा अर्ज करायला हवा होता, तेव्हा मला या योजनेचे नावही ठाऊक नव्हते.