कायदा आहे, माणसे हवीत!

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात आली आणि १८६० सालच्या दंड संहितेने निरोप घेतला. नव्या संहितेत शिक्षेचा एक नवा प्रकार दाखल झाला आहे, तो म्हणजे समाजसेवा. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि चोरीचा माल किंवा त्याची किंमत त्याने परत केली असेल, तर त्याला तुरुंगात न धाडता समाजोपयोगी काम करावयास लावावे, असे संहिता सांगते. दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणाऱ्यालाही ही शिक्षा देता येते. कल्पना चांगली आहे व तिचे स्वागतही झाले. परंतु हे काम कोणते, ते किती तास करावयाचे, आरोपी कामावर हजर राहिला की नाही हे पाहावयाचे कोणी, या प्रश्नांची उत्तरे संहितेच्या व्याख्येत सापडत नाहीत. ती राज्यांनी शोधावयाची आहेत.

आमच्या मते ती फार दूर शोधावयास नको. न्यायालयाच्या वतीने दोषी माणसावर तुरुंगाबाहेर लक्ष ठेवणारा अधिकारी या देशाच्या कायद्यात १९५८ पासून आहे. त्याला परिवीक्षा अधिकारी म्हणतात. कोर्टाच्या आवारात तो ‘प्रोबेशन ऑफिसर’ म्हणूनच ओळखला जातो. दुर्दैव असे की, ज्या लोकांना त्याची गरज पडते त्यांनाच त्याची ओळख नसते.

परिवीक्षा म्हणजे जामीन नव्हे. जामीन खटला चालू असताना मिळतो. परिवीक्षेचा प्रश्न गुन्हा शाबीत झाल्यानंतर उपस्थित होतो. ज्या गुन्ह्याला फाशी वा जन्मठेप सांगितलेली नाही, अशा गुन्ह्यात न्यायाधीशाला दोषी माणसाकडून चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून घेऊन त्याला सोडता येते. हमीपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. देखरेखीचा हुकूम झाला तर ती देखरेख किमान एक वर्ष चालते. बॉस्टन शहरातल्या जॉन ऑगस्टस नावाच्या चांभाराने १८४१ साली एका दारुड्यासाठी कोर्टात हमी दिली व त्याला सुधारून परत उभे केले, तेथून या पद्धतीचा उगम सांगतात. इंग्लंडने १९०७ मध्ये तिचा कायदा केला, मुंबई इलाख्यात १९३८ साली तसा कायदा झाला आणि १९५८ मध्ये संसदेने अपराधी परिवीक्षा अधिनियम संमत केला.

या अधिकाऱ्याचे काम काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. समजा, बार्देशमधल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाने शेजारच्या भाटातले नारळ चोरून बाजारात विकले व तो दोषी ठरला. पोलिसांच्या आरोपपत्रात त्याच्या आयुष्यातला एक दिवस असतो. बाकीच्या एकोणीस वर्षांविषयी त्यात अवाक्षर नसते. ती वर्षे न्यायालयापुढे ठेवणे हे परिवीक्षा अधिकाऱ्याचे काम. तो त्या मुलाच्या घरी जातो, आईबापांशी बोलतो, शाळा का सुटली याची चौकशी करतो, संगत कोणाची आहे हे वाड्यावर विचारतो आणि शेवटी आपला अहवाल लिहितो. तो अहवाल गोपनीय असतो; मात्र त्याचा सारांश आरोपीला सांगून त्याला आपली बाजू मांडण्याची संधी न्यायालय देऊ शकते. हे काम मनापासून करावयाचे तर दोन-चार तासांत उरकणारे नव्हे. घाईने लिहिलेला अहवाल हा अहवालच नसल्यासारखा आहे. ‘वर्तणूक बरी, घरची स्थिती गरीब’ एवढ्या शब्दांवर कोणता न्यायाधीश कोणाचे भवितव्य ठरवील?

एकवीस वर्षांखालील अपराध्याच्या बाबतीत तर कायदा अधिक स्पष्ट आहे. गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर त्याला सहसा तुरुंगात पाठवूच नये. पाठवावयाचे झाल्यास आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि आपली कारणे लिहून ठेवावीत, असे बंधन सहाव्या कलमाने न्यायालयावर घातले आहे. वकिलांनी साहाय्य केले नाही तरी शिक्षा ठरविण्यातले माणुसकीचे कर्तव्य न्यायाधीशाने पार पाडलेच पाहिजे, असे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच एका निकालात बजावले होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितले की, कायदा लागू पडत असेल तर परिवीक्षेचा विचार करणे न्यायालयाला टाळता येत नाही. लाभ द्यावा की न द्यावा, एवढेच त्याच्या विवेकावर आहे. चाळीस वर्षांच्या अंतराने तीच गोष्ट सांगावी लागते, यातच सारे आले.

गोमंतकात या कामाला काही खास अडचणी आहेत. आपली गावे लहान आहेत. सरकारी माणूस कोणाच्या दारी येऊन गेला ही बातमी संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीवर पोचते. अशा ठिकाणी चौकशी करावयाची आणि त्या कुटुंबाची अब्रूही राखावयाची, हे कसब आहे. दुसरी अडचण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांची. अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला ठराविक निवास वा नियमित व्यवसाय असला पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. बांधकामाबरोबर गाव बदलणाऱ्या मजुराला ती पुरी करणे कठीण. मग एकाच गुन्ह्यात घरदार असलेला सुटतो आणि बेघर तुरुंगात जातो. हा अन्याय टाळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे अधिकाऱ्याने ठेकेदाराकडे, मुकादमाकडे, मूळ गावी चौकशी करून त्या मजुराचा खरा ठावठिकाणा न्यायालयापुढे आणणे. तिसरी अडचण रोजगाराची. परिवीक्षेवरील माणसाला योग्य काम मिळवून देण्यासाठी झटणे हे कायद्याने या अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु येथला कितीतरी रोजगार हंगामी. पर्यटकांचा मोसम सरला की हॉटेलातला पोऱ्या रिकामा, जून-जुलैमध्ये मासेमारी बंद झाली की ट्रॉलरवरचा खलाशी रिकामा. हात रिकामे असलेल्या या महिन्यांतच हमीपत्र मोडण्याची भीती अधिक असते आणि देखरेखीची खरी गरजही तेव्हाच असते.

‘हे गुन्हेगारांचे लाड आहेत’, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी कायद्याच्या मर्यादा पाहाव्यात. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याला या कायद्याचा लाभ मिळत नाही. त्या कायद्याखाली अठरा वर्षांखालील अपराध्यांचा आणि केवळ सेवनाच्या गुन्ह्यासारख्या मोजक्या प्रकरणांचाच अपवाद आहे. बेदरकारपणे वाहन चालवून कोणाचा जीव घेणाऱ्याला परिवीक्षेची सवलत देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली म्हटले आहे. शिवाय सोडताना फिर्यादीला नुकसानभरपाई देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते, व ती भरण्यास अपराध्याला साहाय्य करणे हेही या अधिकाऱ्याचे काम आहे. ज्याचे नारळ गेले त्याला आरोपी सहा महिने तुरुंगात बसल्याने काय मिळते? हप्त्याहप्त्याने का होईना, पैसे मिळाले तर त्याचे समाधान होईल. अटी मोडणाऱ्याला मूळ गुन्ह्याची शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाकडे राहतोच. मात्र पहिल्या चुकीबद्दल १९५८ च्या कायद्याने सांगितलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा आहे! आजच्या काळात त्याचा धाक कोणाला वाटणार? हे कलम बदलले पाहिजे.

कायद्याचा सर्वांत मोलाचा भाग बारावे कलम होय. परिवीक्षेवर सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे इतर कायद्यांखाली येणारी अपात्रता चिकटत नाही. सरकारी नोकराची खात्याकडून होणारी कारवाई त्याने टळते असे नाही, हे खरे. पण विशीतल्या मुलाच्या कपाळावरचा डाग त्यामुळे पुसता येतो. तुरुंगात गेलेल्या मुलाला ही सोय नाही. तेथे त्याला गुरू मात्र पुष्कळ भेटतात.

२०१५ साली आग्वादचा तुरुंग बंद होऊन कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात गेले. तुरुंगासाठी जमीन, भिंती आणि पहारेकरी यांची तरतूद सरकार करते, कारण तुरुंग डोळ्यांना दिसतो. परिवीक्षेचे यश दिसत नाही. जो मुलगा पुन्हा कोर्टात आला नाही, त्याची बातमी होत नाही.

म्हणून सरकारला आमचे सांगणे आहे. प्रत्येक दंडाधिकारी न्यायालयासाठी या कामाचेच असलेले परिवीक्षा अधिकारी असावेत. निरनिराळ्या योजनांचे अर्ज तपासण्याची कामे त्यांच्या माथी मारू नयेत. बाल न्याय कायद्याखाली पंधरा दिवसांत सामाजिक अहवाल देण्याचे कामही याच हुद्द्याच्या माणसावर पडते, हे मनुष्यबळ ठरविताना ध्यानात ठेवावे. मान्यताप्राप्त संस्थांकडून अधिकारी घेण्याची मुभा कायद्याच्या तेराव्या कलमात आहे. तिचा उपयोग करून निवृत्त शिक्षक व समाजकार्यकर्ते यांना या कामात आणता येईल. समाजसेवेच्या शिक्षेचे नियम स्पष्ट करून तिची देखरेख याच यंत्रणेकडे सोपवावी. वकील मंडळींनीही, दोषसिद्धी झाली की आपले काम संपले असे न मानता, परिवीक्षेचा अर्ज आठवणीने करावा.

न्यायाधीश शिक्षा माफ करू शकतो. परंतु संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जाऊन, आज कामावर गेला होतास का, असे विचारू शकत नाही. ते विचारणारा माणूस सरकारने नेमला नाही, तर हमीपत्राचा कागद फायलीत राहील आणि तो मुलगा पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या चढेल. त्याचा दोष मग एकट्या त्या मुलाला देता येणार नाही.