विचारलंत तरच सांगू

आमच्या धंद्यात यूजरचे पैसे कापायचे असतील तर त्याला आधी कळवावं लागतं. दोनशे रुपयांच्या रिचार्जला तीन एसेमेस येतात राव! आणि डायलिसिसवरच्या माणसाला? बिल वेळेवर येतं. त्याच्या हक्काची योजना आहे, हे मात्र कुणीच सांगत नाही.

हा पेशंट आठवड्याला दोन-तीनदा येतो आणि दर वेळी चारेक तास मशीनला जोडलेला पडून असतो. इतका हातचा श्रोता दुसऱ्या कुठल्या योजनेला मिळणार? तरी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हे त्याला शेजारच्या खाटेवरचा पेशंट सांगतो. तोवर दागिने गेलेले असतात. योजना कॅशलेस आहे, पावत्या दाखवून पैसे परत असला प्रकार नाही. म्हणजे उशिरा कळलं की गेलेले पैसे गेलेच.

त्यात बरेच जण "ती गरिबांची, आपल्याला नाही" म्हणून चौकशीच करत नाहीत. २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू झाली आणि कव्हर दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. तुमच्या सोसायटीतल्या किती जणांना माहीत आहे?

ट्रस्टच्या हॉस्पिटलांचं तर बोलायलाच नको. २००६ पासून मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेली स्कीम आहे : १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. लॉबीत देणगीदारांची नावं संगमरवरात कोरलेली असतात. ही स्कीम कुठे लिहिलीय ते शोधून दाखवा.

"बोर्ड लावलाय की!" हे ठरलेलं उत्तर. २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावीच लागते, मान्य. पण क्रिएटिनिन आठवर गेलेल्या बापाला व्हीलचेअरवरून नेताना भिंती कोण वाचतं? आम्ही अटी अशाच बारीक अक्षरात लपवतो, त्यामुळे ही ट्रिक चांगली ओळखीची आहे.

पहिल्या डायलिसिसआधी संमतीपत्रावर सही घेताच ना? त्यालाच एक पान जोडा, मराठीत. कुठल्या योजना, कुठले कागद, आरोग्यमित्र कुठे बसतो, इथे योजना नसेल तर जवळ कुठे आहे. वाचून दाखवा, त्यावरही सही घ्या. ती सही नसेल तर पहिलं बिल फाडू नका.

तोवर घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर सोमवारी रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राला गाठा. ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर सोशल वर्करलाही. आणि उत्तर लेखी मागा.