भिंतीतल्या तारा आणि भिंतीवरचे डोळे

‘घर पाहावे बांधून’ असे सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांनी घर दुरुस्त करून पाहण्याविषयी मात्र मौन पाळले आहे. नवे घर बांधणारा निदान मोकळ्या जागेवर बांधतो. दुरुस्तीवाल्याला चुलीवर भात ठेवून, माजघरातून विटांची पाटी जाऊ देऊन, छन्नीच्या तालावर दिवस काढावे लागतात. आमच्या सांगलीच्या गावभागाला हा ताल चांगला परिचयाचा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी गाठली, २०२१ च्या जुलैत ती पुन्हा भेटीला आली, आणि तिने भिंतींना पाजलेले पाणी पुढे कित्येक वर्षे गिलाव्याच्या पापुद्र्यांतून डोकावत राहिले. यंदा आम्हीही तो फुगलेला गिलावा खरवडायला काढला.

गिलावा निघाला की भिंत आतून उघडी पडते, आणि हे उघडेपण चार-सहा आठवड्यांचे असते. भिंतीतून जे न्यायचे ते याच दिवसांत न्यावे. एकदा रंगाचा हात फिरला की मग एका तारेसाठी भिंतीला खाच पाडणे म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका पाहण्यासारखे आहे.

“अहो सर, आता सगळे वायरलेस; तारा कशाला पुरता?” असे मला माझ्याच कॉलेजातील पदार्थविज्ञानाच्या मित्राने विचारले. त्याचा फ्लॅट विश्रामबागला आहे आणि त्याच्या भिंती चार इंचांच्या आहेत. आमची मधली भिंत अठरा इंचांची, दगडमातीची. वायफायच्या लहरींपैकी पाच गिगाहर्ट्झची लहर चपळ खरी, पण असल्या भिंतीपाशी येऊन ती गुडघे टेकते. अडीचच्या आसपासची जरा चिवट, पण तिच्या वाटेवर शेजारपाजारच्या साऱ्या घरांची गर्दी. तेव्हा जुन्या घरात तार हवीच. वायफायचा डबा प्रत्येक मजल्यावर एक ठेवावा आणि त्याला मागून तार द्यावी, हा सरळ मार्ग.

तार म्हणजे बाजारात ‘कॅट सिक्स’ म्हणतात ती. आत आठ तारा, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरचा विजेचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडच्या टोकाला वजा होऊन जावा, म्हणून तो घातलेला असतो. ही युक्ती टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलची. १८८१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. शंभर मीटरपर्यंत ही तार सेकंदाला एक गिगाबिट सहज वाहून नेते, आणि शंभर मीटर लांबीचे घर सांगलीत तरी माझ्या पाहण्यात नाही. दुकानात मात्र डोळे उघडे ठेवावेत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही त्याच वेष्टनात, त्याच नावाने मिळते. स्वस्त पडते, वाकवली की तुटते आणि कॅमेऱ्याला पुरेशी वीज पोचवीत नाही. ब्लेडने जरा खरवडून पाहावे. आत पांढरे दिसले की नमस्कार करून दुकानाची पायरी उतरावी.

पण तारेपेक्षाही महत्त्वाचा पाइप. तारा दहा-पंधरा वर्षांत बदलतील, भिंत बदलणार नाही. एक इंची पाइप घालावा, वळणे ऐसपैस ठेवावीत आणि आत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोके बांधून ठेवावीत, म्हणजे उद्या कुठलीही नवी तार त्या दोरीला बांधून ओढून घेता येते. विजेचा पाइप वेगळा, याच्यापासून वीतभर तरी दूर. ओलांडायचाच झाला तर काटकोनात. आमच्या वायरमनला हे सोवळे प्रथम पटेना. “सगळं एकाच पायपात बसतंय की वो सर,” तो म्हणाला. बसते, यात वाद नाही. एस. टी. तही सगळे बसतात.

साऱ्या तारा जिथे एकत्र येतात तो स्विच, कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारा रेकॉर्डर आणि बॅटरी यांची जागा इतर गावांत जिन्याखाली असते. नदीकाठच्या माणसाने ती वरच्या मजल्यावर न्यावी. थेट पत्र्याखाली नको. उन्हाळ्यात हार्ड डिस्क भाजून निघते. आम्ही जिन्याच्या वरच्या वळणावर, जाळीचे दार असलेल्या भिंतीतल्या कपाटात ती मांडली आहे. चोराच्या चटकन नजरेस पडणार नाही हा आणखी एक फायदा, कारण शहाणा चोर पहिल्यांदा रेकॉर्डर उचलतो.

कॅमेऱ्यांना त्याच एका तारेतून वीजही जाते. तसे प्रमाण २००३ साली ठरले आणि त्यात एका तारेवर १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते. साध्या कॅमेऱ्याला याच्या निम्म्यात भागते. वीज गेली तरी वरच्या एका बॅटरीवर सारे कॅमेरे चालू राहतात. साठवणुकीचा हिशेब मराठीच्या मास्तरालाही जमण्याजोगा आहे. सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे साडेएकवीस जीबी भरतो. चार कॅमेरे असले की एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, आणि मग नवे चित्र जुन्यावर चढते. पंधरा दिवस गावाला जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आणि कॅमेरा बसवला त्याच दिवशी कारखान्याचा पासवर्ड बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने कारखान्यातले ठरावीक पासवर्ड लावून लक्षावधी कॅमेरे आणि राउटर आपल्या ताब्यात घेतले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्याकरवी अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांची वाट काही तास अडवून धरली. दारावरचा रखवालदार रात्री दुसऱ्याच्या चाकरीला जातो, तो असा.

इथवर सारा प्रश्न छन्नीचा आणि पैशाचा होता. कॅमेऱ्याचे तोंड कुठे करायचे, इथे खरी पंचाईत सुरू झाली.

पूर्वी आमच्या बोळात पहारा नव्हता असे थोडेच आहे! दुपारी ओटीवर वाती वळत बसलेल्या आजीच्या नजरेतून मांजरदेखील सुटत नसे. पण आजी आपल्याला पाहत आहे हे आपल्याला दिसत असे. शिवाय तिला विसरायची सोय होती. कॅमेऱ्यापाशी या दोन्ही सोयी नाहीत. आमच्या पुढच्या दारावर कॅमेरा लावून पाहिला, तर चित्रात आमची पायरी हातभर आणि समोरच्या काकूंचे तुळशीवृंदावन, वाळत घातलेली लुगडी नि उघडी खिडकी यांचाच विस्तार जास्त. मी तो फोन घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून सारे निरखले आणि म्हणाल्या, “तुळस राहू दे, खिडकी काढ.” चित्राचा हवा तेवढा भाग कायमचा काळा करून टाकण्याची सोय रेकॉर्डरमध्ये असते. ती वापरली, खिडकी गेली, तुळस राहिली. कामाला येणाऱ्या मावशींनाही परसदारचा कॅमेरा दाखवून ठेवला आहे.

घरातला प्रश्न इतका सोपा नव्हता. आमची आई एक्क्याऐंशी वर्षांची. गेल्या वर्षी ती रात्री न्हाणीघराच्या वाटेवर पडली, आणि पहाटेपर्यंत कोणालाच कळले नाही. थोरले बंधू टोरांटोला असतात. त्यांचे म्हणणे, आईच्या खोलीत कॅमेरा हवाच. “तुम्ही रात्री दोनला झोपलेले असता, तेव्हा इथे दुपार असते. निदान मी तरी जागा असतो ना?” या बोलण्यातली कळकळ खोटी कोण म्हणेल? सातासमुद्रांपलीकडे बसून आईचा श्वास मोजावासा वाटणे, ही काही हेरगिरी नव्हे.

आईला विचारले. ती पोथी मिटून म्हणाली, “दादाला माझं तोंड बघायचं असेल तर फोनवर बघू दे. मी पदर नीट करून बसेन. झोपेत मी कशी दिसते, ते मला ठाऊक नाही. ते त्याला कशाला ठाऊक हवं?”

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२५ साली एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांच्या तंट्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने बरोबर राहणाऱ्याच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असे सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आमच्या घरात कोर्टाचे काय काम? पण पदर नीट करण्याची आईची मुभा आणि ही निकालपत्रे एकच गोष्ट बोलतात असे मला वाटते; आईने ती कमी शब्दांत सांगितली.

मी आईच्या बाजूचा आहे. कॅमेरा पडलेल्याला उचलीत नाही. पलंगाच्या उशाशी आणि न्हाणीघरात, जमिनीवर पडूनही हात पोचेल इतक्या खाली, बेलचे बटण बसवले आहे. ती बेल आमच्या खोलीत वाजते. वाटेत पायाशी मंद दिवा, भिंतीला धरायला दांडी. या तिन्हींसाठीही खाचा आताच पाडून घेतल्या. बोळवजा पडवीत मात्र, आईच्या दाराबाहेर, एक कॅमेरा असायला तिने स्वतः होकार दिला आहे. दार उघडले आणि ती बराच वेळ परतली नाही, हे त्यात दिसेल.

दादाला हे पुरेसे वाटत नाही. डिसेंबरात तो येणार आहे आणि त्या वेळी हा विषय पुन्हा निघेल, हे मी धरून चाललो आहे. म्हणून आईच्या खोलीपर्यंत पाइप तेवढा नेऊन ठेवला आहे. वर कोरी पट्टी लावून तोंड बंद केले आहे. आत दोरी आहे. ती आईला विचारल्यावाचून ओढायची नाही, असे त्याला कळवले आहे. उद्यापासून गिलावा सुरू.