ठिपका आहे, मुलूख नाही

गेल्या श्रावणात आमच्या महाविद्यालयातील वीसेक विद्यार्थ्यांसमवेत चाळीसगावजवळच्या पाटणादेवीस जाण्याचा योग आला. देवीचे दर्शन घेऊन कन्हेरगड पायी चढावयाचा, असा बेत होता. मुलांपैकी सहा-सात जण भ्रमणध्वनीतील मार्गदर्शक यंत्रणेच्या भरवशावर पुढे निघून गेले. मागे राहिलेल्या मुलींनी मंदिराजवळच्या नारळवाल्याकडे वाट विचारून एका वहीच्या पानावर ओढा, वडाचे झाड आणि खिंड अशा खुणा मांडून घेतल्या. त्या मुली गडावर पोचल्या. मुले मात्र तासाभराने एका कड्याच्या तळाशी सापडली, तीही एका गुराख्याच्या कृपेने. ‘सर, गड अगदी जवळ दाखवत होते!’ हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. गड जवळच होता, पण तो डोक्यावर होता.

या प्रसंगावरून यंत्राची टवाळी करण्याचा मोह सहज होईल. तो टाळला पाहिजे, कारण यंत्राने आपले काम चोख केले होते. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील किमान चार उपग्रहांचे संदेश घेऊन, त्यांच्या घड्याळांवरून अंतरे काढून, मुले कोठे उभी आहेत हे त्याने बिनचूक सांगितले. त्यासाठी दूरध्वनीच्या मनोऱ्याची गरज नसते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. मनोरा लागतो तो ठिपक्याभोवतीचा नकाशा उतरवून घेण्यासाठी. डोंगराच्या कुशीत संपर्क तुटला आणि पडद्यावर करड्या पोकळीत एक निळा ठिपका तेवढा उरला. आपण कोठे आहोत हे मुलांना कळत होते. आपल्या भोवती काय आहे हे कळत नव्हते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत उपग्रहांचा हा संदेश म्हणजे सार्वजनिक वस्तूचे आदर्श उदाहरण होय. मी तो वापरला म्हणून तुमच्या वाट्याला कमी येत नाही. अमेरिकी लष्कराने आपल्या सोयीसाठी उभारलेल्या या व्यवस्थेत नागरी वापरासाठी हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता मे 2000 मध्ये काढून टाकण्यात आली आणि जगभरच्या पादचाऱ्याला तिचा लाभ फुकट मिळाला. नकाशा हीदेखील अशीच सार्वजनिक वस्तू आहे. एकदा मोजणीचा खर्च झाला, की आणखी एक प्रत काढण्यास कागदाच्या किमतीपलीकडे काही लागत नाही. असे असता तो आपल्या हाती का नव्हता?

परदेशातील पर्यटक यंत्र की कागद असा वाद घालतात, तेव्हा त्यांच्या घरी कागदी नकाशांची दोन-तीन पिढ्यांची सवय असते. आपल्याकडे तो वाद काहीसा उसना वाटतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना 1767 ची. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाचे, समोच्च रेषांनी डोंगराचा चढ न् चढ दाखविणारे स्थलनिर्देशक नकाशे या खात्याने तयार केले. पण सीमाभाग आणि किनारपट्टीचे नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव निर्बंधित राहिले, आणि त्या गुप्ततेची छाया एकंदर नकाशा या वस्तूवरच पडली. माझ्या विद्यार्थिदशेत जळगावच्या एकाही दुकानात आपल्या तालुक्याचा असा नकाशा विक्रीस ठेवलेला मी पाहिला नाही. 2005 च्या नकाशा धोरणाने नागरिकांसाठी वेगळी मालिका सुरू केली. 2017 मध्ये, खात्याला अडीचशे वर्षे झाली तेव्हा, हे नकाशे संगणकावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. 2021 मध्ये उरलेसुरले बरेच निर्बंधही गेले. दरवाजा उघडला, पण तोवर हाती यंत्र आले होते आणि नकाशा वाचावयास शिकण्याची निकड कोणालाच उरली नव्हती.

धुळ्यासारख्या शहरात हे खपून जाते. कॅप्टन ब्रिग्जने 1819 नंतर आखलेल्या तेथील पेठेत गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. पाचवीनंतर सहावी येणार हे समजण्यास ना यंत्र लागते ना कागद. सातमाळ्याच्या रांगेला क्रमांक नाहीत. तेथे एकमेकींना खेटून आलेल्या समोच्च रेषा पाहिल्या असत्या, तर ओढ्याने जाऊ नये, खिंडीने जावे, हे मुलांना पायथ्याशीच उमगले असते. ज्या पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, त्याच पाटणला पदवीच्या वर्गातील मुलांना साधी दिशा सांगता येऊ नये, याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दहावीच्या परीक्षेत गुणांपुरते नकाशे भरावयास आपणच त्यांना शिकविले आहे.

यंत्र टाकून द्या असे माझे म्हणणे मुळीच नाही. रात्री अनोळखी गावी उतरणाऱ्या एकट्या मुलीला ते मोठाच आधार देते. पण ठिपका यंत्राने दाखवावा आणि मुलूख नकाशाने, ही जोडी जमविण्यास फारसा खर्च नाही. प्रत्येक शाळा-महाविद्यालयाने आपल्या तालुक्याचा नकाशा मोठ्या आकारात छापून भिंतीवर लावावा. पाटणादेवीसारख्या स्थळी पायथ्याशी वाटांचा रंगविलेला फलक असावा. एखाद्या सत्काराच्या शाली-श्रीफळांत हा खर्च भागेल.

आम्ही असा एक नकाशा ग्रंथालयाबाहेरच्या भिंतीवर लावला. पहिल्या आठवड्यात कोणी फिरकले नाही. मग एका मुलाला त्यात आपल्या मामाचा पाडा सापडला. नाव मात्र चुकीचे छापलेले होते. त्याने पेन्सिलीने ते दुरुस्त केले. ग्रंथपालांनी ते खोडावयास सांगितले, मी तसेच राहू द्या म्हटले. आता त्या नकाशावर अशा अकरा दुरुस्त्या आहेत.