किंमत कोणी मोजली?

दिवाळीत आपण दोन असुरांची आठवण काढतो आणि दोघांशी अगदी उलट वागतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झालं की कारीट पायाखाली फोडायचं; तो नरकासुर. गोव्यात तर त्याचे मोठमोठे पुतळे रात्रभर मिरवून उजाडता उजाडता जाळतात. लगेच पाडव्याला बळीराजाची पूजा होते आणि ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं ओवाळताना म्हटलं जातं. दोघेही असुर. दोघांनीही देवांना जेरीस आणलेलं. दोघांचाही पाडाव विष्णूच्याच अवताराकडून झालेला, एकाचा कृष्णाकडून, दुसऱ्याचा वामनाकडून. मग एक पायाखाली आणि दुसरा ओठांवर, हे कसं?

यंदाचा अंक ‘नायक’ या विषयाला वाहिलेला आहे. लेखकांना विषय कळवला तेव्हा आमच्या मनात हाच प्रश्न होता. पराक्रम म्हणावा तर नरकासुराकडेही होता. विजय म्हणावा तर बळी हरलेला. देवांचा पक्ष म्हणावा तर दोघेही विरुद्ध बाजूचे. तरीही लोकांनी निवाडा केला आहे आणि शतकानुशतकं तो बदललेला नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाला हात घातला होता. दहाव्या शतकात धनंजयानं ‘दशरूपक’ लिहिलं. त्यात नायकाचे गुण एकामागून एक सांगितले आहेत: विनय, माधुर्य, त्याग, दक्षता, गोड वाणी, शुचिता, चांगलं कूळ, स्थैर्य, तारुण्य आणि आणखी बरेच. शिवाय नायकाचे चार प्रकार: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. ‘मृच्छकटिका’तला कफल्लक झालेला चारुदत्त यात बसतो, आणि चौथ्या प्रकाराचं उदाहरण देताना टीकाकार परशुरामाच्या जोडीला रावणाचंही नाव घेतात. म्हणजे हे शास्त्र आपण समजतो तितकं सोवळं नव्हतं. पण त्याग हा गुण सांगताना एक गोष्ट विचारायची राहून गेली. त्याग कोणाचा, आणि तो केला कोणी?

आमच्या मते सगळी मेख तिथेच आहे. परिणाम ठाऊक असूनही जो निर्णय घेतो आणि त्याची किंमत स्वतः मोजतो, तो नायक. या कसोटीवर पाडव्याचा निवाडा लख्ख कळतो. समोरचा बटू कोण आहे हे शुक्राचार्यांनी बळीला आधीच सांगितलं होतं. दान देऊ नकोस म्हणून बजावलं, ऐकत नाही म्हटल्यावर शापही दिला. बळीनं तरीही पाणी सोडलं. दोन पावलांत त्रैलोक्य गेलं. तिसऱ्या पावलाला त्यानं ना प्रजेकडे बोट दाखवलं, ना मुलांकडे. स्वतःचं मस्तक पुढे केलं. नरकासुराच्या बंदिवासात सोळा हजार स्त्रिया होत्या. त्याच्या वैभवाची किंमत दुसऱ्याच कोणी मोजत होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त बळीला शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं, ते या लोकस्मृतीच्याच पायावर.

हीच कसोटी इतरांना लावून पाहिली की अडचणी सुरू होतात, आणि विषयाला खरा रंग चढतो.

राजा हरिश्चंद्र घ्या. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये पहिला चित्रपट काढताना त्याचीच कथा घ्यावीशी वाटली, इतका तो आपल्या मनात घर करून होता. विश्वामित्राची दक्षिणा फेडण्यासाठी त्यानं राणीला विकलं, तिच्यामागोमाग मुलालाही. शेवटी स्वतःला विकून स्मशानात चाकरी केली. सत्त्व हरिश्चंद्राचं आणि बाजारात आधी उभी राहिली तारामती! ‘मार्कंडेयपुराण’ मात्र नीट वाचायला हवं. मला विका आणि ऋणमुक्त व्हा, हे तिथे राणी स्वतः सुचवते. ते ऐकून राजाची शुद्ध हरपते. परिणाम जाणून निर्णय घेणारी आणि तो अंगावर घेणारी तीच. मग कथेला नाव कोणाचं असायला हवं होतं?

महाभारतातल्या द्यूतसभेत तर द्रौपदीला कोणी विचारलंही नाही. युधिष्ठिरानं पणाला लावलं ते भावांना, स्वतःला आणि मग द्रौपदीला. द्रौपदीनं भर सभेत विचारलं, आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? भीष्मांसारख्यालाही धर्माची गती सूक्ष्म असते, यापलीकडे उत्तर सापडलं नाही. त्या दिवशी त्या सभेत महारथींची दाटी होती. नायक एकही नव्हता. होती ती एक नायिका.

आणि कर्ण? मराठी वाचकाचा जीव जितका कर्णात गुंतला आहे तितका क्वचितच कोणात गुंतला असेल. इंद्र ब्राह्मणवेषानं येणार हे सूर्यानं त्याला आधी सांगितलं होतं. जीव गेला तरी चालेल, कीर्ती जाता कामा नये, असं उत्तर देऊन त्यानं कवचकुंडलं कापून दिली. पण व्यासांचा कर्ण बदल्यात इंद्राकडून शक्ती मागून घेतो. भासाला हे खटकलं असावं. त्याच्या ‘कर्णभारा’त शक्ती देऊ केली जाते तेव्हा कर्ण म्हणतो, दिलेल्याचा मोबदला मी घेत नाही, अखेर ब्राह्मणाचा शब्द मोडायचा नाही म्हणून स्वीकारतो. नाटककारानं एवढीशी दुरुस्ती केली आणि व्यवहाराचं दान झालं.

याच कर्णानं द्यूतसभेत द्रौपदीबद्दल जे शब्द उच्चारले, ते मात्र कोणत्याही दानानं पुसले जात नाहीत. १९६७ या एकाच वर्षी मराठीत शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ प्रसिद्ध झालं. एका पुस्तकानं कर्णाला घराघरांत पोचवलं, दुसऱ्यानं महाभारतातल्या माणसांना देव्हाऱ्यातून उतरवून माणसांसारखं तपासलं. मराठी वाचकानं दोन्ही पुस्तकं डोक्यावर घेतली. हा दुटप्पीपणा नव्हे. आमच्या मते यात शहाणपण आहे, कारण नायकपण माणसाला जन्मभरासाठी मिळत नाही, ते प्रसंगापुरतं असतं. कवचकुंडलं देताना कर्ण नायक आहे; सभेत बोलताना नाही. होमरच्या ‘इलियड’मधला अकिलीसही तसाच. रुसून तंबूत बसतो तेव्हा त्याच्या मानापमानाची किंमत इतर ग्रीक योद्धे आणि जिवलग पॅट्रोक्लस मोजतात. हेक्टरपाठोपाठ तुझं मरण आहे, हे आईकडून कळल्यावरही तो रणात उतरतो, तेव्हा पारडं फिरतं.

मराठी कादंबरीनं पुढे एक मोठं काम केलं. चांगल्या कुळाची अट तिनं काढून टाकली. अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ १९५९ चा. दुष्काळात माणसं मरताना पाहून तो इंग्रजांचा खजिना लुटतो, आणि सरकारनं त्याच्या माणसांना धरून ठेवल्यावर ती सुटावीत म्हणून स्वतः हजर होतो. अण्णा भाऊंनी ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. पुढच्याच वर्षी उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली. जुन्या शास्त्रानं नायिकेचे आठ प्रकार सांगितले. प्रियकर जवळ आहे की दूर, रुसला की फसवून गेला, यावर ते सगळे बेतलेले. शेळक्यांची कौतिक त्यातल्या कशातच मावत नाही. कर्तबगारी नसलेला, पुढे महारोगानं ग्रासलेला नवरा आणि पोरंबाळं यांचं ओझं ओढत ती संसार उभा करायला निघते. तिच्या हाती यश येत नाही. पण प्रत्येक निर्णय तिचा आहे आणि प्रत्येक चटकाही.

यावर कोणी ‘कोसला’ पुढे करील. १९६३ मधला तो पांडुरंग सांगवीकर कोणासाठी काय मोजतो? खरं तर काहीच नाही. वडिलांच्या पैशावर पुण्यात राहतो, ते उधळतो आणि हात हलवत गावी परततो. म्हणजे किंमत वडिलांची. फरक इतकाच की हा हिशेब तो दडवत नाही. आमच्या कसोटीवर तो नायक ठरत नाही, पण कसोटी लावायला लागणारा प्रामाणिकपणा त्याच्याकडे भरपूर आहे. त्यानंतरच्या पिढ्यांना तो आपला का वाटला, याचं निम्मं उत्तर यात असावं.

आज नायकांची टंचाई नाही. चौकाचौकांत फ्लेक्स आहेत, दर शुक्रवारी पडद्यावर नवा महानायक आहे, आणि इतिहासातल्या थोरांचे सगळे कंगोरे घासून गुळगुळीत करणारी पुस्तकं आहेत. अशा नायकांबद्दल प्रश्न विचारला की भावना दुखावतात. पण प्रश्नानं खरा नायक लहान होत नाही. बळीला हजार वेळा तपासा, तिसरं पाऊल त्याच्याच मस्तकावर आहे. ज्याच्या जयजयकारात हिशेब विचारायला मनाई असते, तिथे किंमत बहुधा दुसऱ्याच कोणी मोजलेली असते.

या अंकातल्या लेखकांनी आमची कसोटी मान्य करावी अशी अट नव्हती, आणि अनेकांनी ती केलेलीही नाही. काहींनी खलनायकाची बाजू लढवली आहे, काहींना नायक ही कल्पनाच कालबाह्य वाटते. अंक जुळवताना झालेले वाद आम्ही मुद्दाम मिटवले नाहीत. ते छापले आहेत. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक फराळाबरोबर वादही चवीनं घेत आला आहे. त्याच्या भरवशावरच आमच्यासारखे अंक निघतात.

आपापले लाडके नायक या कसोटीवर घासून पाहा. ते उतरले तर आनंद आहेच. न उतरले, किंवा कसोटीच खोटी वाटली, तर आम्हाला खुशाल खडसावून पत्र लिहा. निवडक पत्रं पुढील अंकात छापू.



– संपादक