करंट सोडायच्या आधी कुंपणाचा कोपरा बघा



सोयाबीन निघालं, हरभरा उगवून वर आला, तूर फुलावर आहे. म्हणजे रानडुक्कर आणि रोह्यांचे दिवस आले. मागच्या आठवड्यात शिवारफेरीत पाच-सहा जणांनी एकच गोष्ट विचारली, "साहेब, तार तर ओढली, तरी डुक्कर येतेच. आता करंट सोडू का?" म्हणून आज फवारणीचा सल्ला बाजूला ठेवतो आणि याच प्रश्नावर माझं मत लिहितो. मेसेज लांब आहे. संध्याकाळी निवांत वाचा, घरच्यांनाही वाचून दाखवा.

माझं मत असं आहे की आपली बरीच कुंपणं जनावर तोडत नाही, आपणच घाईची दुरुस्ती करून ती ढिली ठेवतो. मग ढिल्या कुंपणाला वैतागून माणूस करंटकडे वळतो. दुरुस्ती नीट झाली तर तो विचार मनात येण्याची वेळ फार कमी येते.

हे मी आमच्याच घरच्या अनुभवावरून सांगतो. डिप्लोमाला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी आणि मी वावराची एक बाजू दुरुस्त केली. आज खांब गाडले, उद्या सकाळी तार ताणली. पोळ्यापर्यंत कोपऱ्याचे दोन्ही खांब आत झुकले, खालची तार लोंबली आणि डुकरांनी एका रात्रीत मका आडवा केला. बाबांनी चिडून घरातून वायरचा बंडल काढला. आई दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "रात्री लाईन आली की मोटर चालू करायला तुम्हीच जाता ना?" वायर परत माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी आम्ही तेच खांब काढून पुन्हा बसवले. तेव्हा कळलं की चुका आमच्याच होत्या. त्याच चुका आज बऱ्याच वावरांत दिसतात.

*चूक १: तार ओढतो, कोपरा बघत नाही.* सगळ्या तारांचा ताण शेवटी कोपऱ्याच्या खांबावर येतो. तो हलला की पूर्ण ओळ ढिली. कोपऱ्याला जरा लांब खांब घ्या, किमान अडीच फूट खोल बसवा आणि ज्या ज्या दिशेने तार जाते त्या प्रत्येक दिशेने तिरका टेका द्या. सरळ ओळ लांब असेल तर दर दहा-बारा खांबांनंतर एका खांबाला दोन्हीकडून टेके हवेत. मधले सात फुटी खांब दोन ते सव्वादोन फूट जमिनीत जाऊ द्या.

*चूक २: काळ्या मातीला मुरमाड जमिनीसारखं वागवतो.* काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांबाला हलवत राहते. खड्डा तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळता झाला तर माती त्या काँक्रीटला वर उचलते. म्हणून खड्डा तळाशी थोडा रुंद ठेवा. खालून थोडी गिट्टी टाका. काँक्रीट न करता मुरूम भरत असाल तर अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर टाकून सब्बलीने ठोकत या. काँक्रीट केलं तर किमान सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतरच तार ताणा. लोखंडी अँगल जमिनीच्या बरोबरीने गंजतो, म्हणून काँक्रीट जमिनीच्या थोडं वर घ्या आणि उतार द्या. पाणी खांबाशी थांबू नये.

*चूक ३: जुन्या तारेला नवी तार, तीही हाताला येईल त्याने बांधतो.* गंजलेली तार ताणताना तुटते आणि उसळून तोंडावर येते. डोळे जाऊ शकतात. गंजलेला तुकडा पूर्ण काढा, जाड हातमोजे घाला, चष्मा लावा. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार बांधायला वापरू नका. तांबं जस्ताच्या मुलाम्याला लागलं की ओलाव्यात तिथली तार लवकर गंजते. उभ्या बाभळीला, कडुनिंबाला तार गुंडाळू नका. झाड जाड होतं, तार खोडात रुतते आणि वाऱ्यात पूर्ण ओळ हलते.

*चूक ४: वर उंची वाढवतो, खाली फट ठेवतो.* रोही उडी मारतो, पण डुक्कर नाक घालून खालून शिरतं. सर्वात खालची तार जमिनीपासून अर्ध्या फुटाच्या आत हवी आणि ती सगळ्यात जास्त ताठ हवी. ओघळ असेल तिथे कुंपण सलग घट्ट नेऊ नका. पुरात पालापाचोळा अडकतो आणि शेजारचे खांबही वाहून जातात. ओघळीच्या दोन्ही काठांवर मजबूत खांब घ्या आणि मधल्या भागाला वरच्या तारेवरून सुटी जाळी लोंबती ठेवा. पाणी आलं की ती उचलेल, ओसरलं की खाली येईल.

*चूक ५: शेजाऱ्याला न सांगता धुऱ्यावर खांब बदलतो.* नवा खांब एक वीत सरकला तरी भांडण दहा वर्षं चालतं. जुना खड्डा बुजवायच्या आधी शेजाऱ्याला बोलवा, दोघांच्या समोर दोरी लावा. खूण वादात असेल तर आधी सरकारी मोजणी, मग खांब.

आता करंटचं. घरची लाईट २३० व्होल्टची असते आणि सलग वाहते. हात चिकटला की सुटत नाही. "फ्यूज उडेल" असं काही जण म्हणतात. माणसाचा जीव जायला एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुष्कळ होतो, आणि फ्यूज उडायला काही अँपिअर लागतात. म्हणजे माणूस जाईल, फ्यूज तसाच राहील. आणि त्या तारेला हात कोणाचा लागतो? रात्री पाणी द्यायला आलेल्या शेजाऱ्याचा, पहाटे येणाऱ्या मजुराचा, शेळ्या वळणाऱ्या पोराचा, नाहीतर आपल्याच घरच्या माणसाचा. असं झालं तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. आकडा टाकला असेल तर वीज कायदा २००३ चं वीजचोरीचं कलम वेगळं. एका पोत्या हरभऱ्यासाठी दोन घरं बसतात.

काही जण म्हणतील, "जागलीला रात्र रात्र आम्ही बसतो, तुम्हाला बोलायला काय जातं?" बरोबर आहे. नुकसान खरं आहे, त्रास खरा आहे. करंटच हवा असेल तर सौर कुंपणाचं मशीन घ्या. त्याचा झटका हजारो व्होल्टचा असतो, पण सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो आणि साधारण सेकंदाला एकदाच येतो. जनावर घाबरून मागे फिरतं, हात सोडवायला वेळ मिळतो. पण इथेही एक चूक होते. ते मशीन जुन्या काटेरी तारेला जोडू नका. काट्यात अडकलेल्याला सुटता येत नाही, झटके बसत राहतात. वेगळी साधी जीआय तार, इन्सुलेटरवर, आणि धोक्याची पाटी. अर्थिंग नीट करा, तारेला टेकणारं गवत काढत राहा. वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का, हे वनरक्षकांना विचारा.

शेवटचं, खर्चाचं. एक एकर चौकोनी वावराला सुमारे ८३५ फूट कुंपण लागतं. तेच दहा एकरांचा सलग चौकोन केला तर २,६४० फूट, म्हणजे एकरी २६४ फूट. एकेकट्याने अर्धवट तार ओढण्यापेक्षा पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून एकच चांगलं कुंपण केलं तर खांब, तार आणि जागल, तिन्ही वाचतात. तार ताणायचं यंत्र आणि खड्डे पाडायचं मशीन कंपनीने भाड्याने द्यावं, असं मी पुढच्या सभेत मांडणार आहे. तुम्हाला पटत असेल तर सभेला या आणि तुम्हीही बोला.

मी तुमच्यापेक्षा वयाने लहान आहे. पण एवढं ऐका. या आठवड्यात जमिनीत ओल आहे, खड्डे सोपे जातात. कोपऱ्याचा खांब हलवून बघा. तो हलला तर तिथून सुरुवात करा. आणि तारेला कोणी वायर जोडलेली दिसली, तर मेन बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नका. तो शेजारी असला तरी त्याला तोंडावर सांगा. वाईट वाटलं तरी चालेल.

आपला,
कृषी सल्लागार