विमान रद्द झालं, आता दुसऱ्या विमानतळाकडे धावायचं का?



२०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची विमानं रद्द होऊ लागली, तेव्हा आपल्या भिशीत दोन-तीन वेळा दुसरा विषयच निघाला नाही. २ तारखेपासून गोंधळ सुरू झाला आणि ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. कुणाचा मुलगा दिल्लीत अडकला, कुणाची सून बंगळुरूला. आणि प्रत्येकीच्या फोनवर एकच सल्ला येत होता. पुण्याहून नाही ना, मग मुंबई गाठा. मुंबईहून नाही, मग हैदराबादला जा. सल्ला देणारे बहुतेक जण आपापल्या घरी निवांत बसलेले होते, आणि बॅगा घेऊन उभी असलेली बाई दुसरीच होती.

माझं मत आधीच सांगते. विमानतळ बदलणं हा चांगला उपाय आहे, पण घराचा उंबरा ओलांडण्याआधी. एकदा विमानतळावर पोचल्यावर, संध्याकाळ झाल्यावर, दुसऱ्या शहराकडे धाव घेणं बहुतेक वेळा तोट्याचं असतं. आणि तो निर्णय जिच्या नावाचं तिकीट आहे तिनेच घ्यावा.

आपण लातूरकर या बाबतीत जरा वेगळे आहोत. आपल्याकडे धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसता येईल असं रोजचं विमान नाही. नांदेड दीडशे किलोमीटरच्या आत. तिथे २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेत हैदराबादचं विमान सुरू झालं, पुढे ती विमान कंपनीच बंद पडली. मग २०२४ च्या मार्चअखेरीस स्टार एअरची विमानं सुरू झाली. सोलापूरलाही २०२५ मध्ये आधी गोवा आणि मग मुंबई अशी विमानं आली. हे सगळं चांगलंच आहे. पण लहान विमानतळावर एका गावासाठी दिवसाला मोजकीच विमानं असतात. एक रद्द झालं की पुढचं उद्या, नाहीतर परवा. त्यामुळे आपली मोठी भिस्त पुणे आणि हैदराबादवरच.

आता गंमत बघा. लातूरहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि पुणे त्याहून थोडंसंच लांब. पुण्याच्या माणसाला पुण्याचं विमान रद्द झाल्यावर हैदराबाद आठवणारही नाही. पण आपण घरी असताना निरोप आला, तर आपल्याला दोन्ही दिशा जवळपास सारख्याच. दिल्ली, कोलकाता, बंगळुरू कुठेही जायचं असो, पुण्याऐवजी हैदराबादहून जागा मिळते का हे विचारायला काय हरकत आहे? म्हणून निघायच्या आदल्या रात्री आणि गाडीत बसण्याआधी पुन्हा एकदा विमानाची स्थिती पाहायची. आपल्याला विमानतळापर्यंत सहा-सात तास लागतात. विमानतळ बदलायचा तर तो आपल्या अंगणात बदलावा, तिथे पोचून नाही.

पोचल्यानंतरचा हिशोब कसा असतो, ते माझ्या जाऊबाईंच्या उदाहरणाने सांगते. त्यांच्या लेकीचे दिवस भरले होते, बंगळुरूला जायचं होतं. पुण्याहून संध्याकाळी सातचं विमान, आणि साडेपाचला ते रद्द झाल्याचं कळलं. कंपनी कोणती हे महत्त्वाचं नाही. मुलाचा अमेरिकेहून फोन आला, "आई, मुंबईहून पावणेबाराचं विमान आहे, मी तिकीट काढतो, तू टॅक्सी कर." जाऊबाईंनी तिथेच पर्समधली डायरी काढली. साडेसहाला निघायचं, गर्दीच्या वेळी चार तास तरी धरायचे, म्हणजे साडेदहा. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणजे पावणेअकरा. हातात उरली पंधरा मिनिटं. टॅक्सीचे पाच हजार, नवं तिकीट नऊ हजार. आणि मुंबईचं विमान वेळेवरच सुटेल याची खात्री कुणाकडेच नाही. त्यांनी नाही म्हटलं. बिबवेवाडीला मावसबहिणीकडे गेल्या, कंपनीकडून दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात विनाशुल्क जागा घेतली.

बाळ पहाटे झालं. जाऊबाई दुपारी पोचल्या. लेक काही बोलली नाही, पण मुलगा अजून म्हणतो की आई, त्या रात्री निघायला हवं होतंस. निघाल्या असत्या आणि सगळं जुळून आलं असतं तर त्या बाळंतपणाच्या वेळी लेकीजवळ असत्या, हे खरंच आहे. ही चुटपुट खोटी नाही. तरीही मला त्यांचाच निर्णय बरोबर वाटतो. "सगळं जुळून आलं असतं तर" यावर साठी ओलांडलेल्या एकट्या बाईने रात्रीचा घाट उतरू नये. लेकीला आई सुखरूप हवी होती, आणि पुढचे सव्वा महिने हवी होती.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डिसेंबरचा गोंधळ झाला कशामुळे? वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून नियम कडक झाले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या कामावर मर्यादा आली. १ नोव्हेंबरपासून दुसरा टप्पा लागू झाला आणि कंपनीचं नियोजन कमी पडलं. नियम आपल्याच जिवासाठी होता. आणि आपण काय करतो? दमलेल्या वैमानिकाच्या विमानात बसायला नको म्हणून जे विमान थांबलं, त्याच्याऐवजी सकाळपासून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला म्हणतो, "दादा, जरा दामटा, पावणेअकराच्या आत पोचायचंय." त्या दादाच्या झोपेचा हिशोब कोण ठेवतं?

आता पैशाचं. दयानंदला कॉमर्स शिकताना बुडीत खर्चाचा धडा होता. जो पैसा गेला तो गेला, पुढचा निर्णय घेताना तो मोजायचा नाही. "एवढं महाग तिकीट काढलंय, कसंही करून आजच पोचलं पाहिजे" हा विचार म्हणजे गेलेल्या पैशामागे नवा पैसा टाकणं. पण विमान कंपनीनेच रद्द केलं असेल, तर तो पैसा बुडीतही नसतो. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे आपल्याला दुसऱ्या विमानात जागा किंवा पूर्ण पैसे परत, यातलं एक निवडायचा हक्क आहे. रद्द झाल्याचं कंपनीने वेळेत कळवलंच नाही आणि कारण त्यांच्या हातातलं होतं, तर भरपाईही आहे. तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५०० आणि त्याहून लांबच्या प्रवासाला १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. वादळ-पूर, संप, दंगल अशा कारणांना मात्र ही भरपाई लागू नाही.

म्हणून घाईघाईने स्वतः "रद्द करा" हे बटण दाबू नका. आपण रद्द केलं की आपले पैसे कापले जातात, त्यांनी रद्द केलं की पूर्ण मिळतात. आणि दुसऱ्या विमानतळावरून जायचंच असेल, तर आधी कंपनीलाच विचारा, "मला हैदराबादहून जागा देता का?" एकाच तिकिटात जाणं-येणं दोन्ही असेल आणि पहिलं विमान न सांगता सोडून दिलं, तर परतीचं तिकीटही बहुधा आपोआप रद्द होतं. बॅग आत गेली असेल तर ती हातात आल्याशिवाय विमानतळ सोडायचा नाही.

टॅक्सीचा खर्च कुणी द्यायचा, हेही आधी बोलून घ्यायचं. युरोपच्या नियमात हे स्पष्ट आहे. एका शहराला एकापेक्षा जास्त विमानतळ असतील आणि कंपनीने दुसऱ्या विमानतळावर नेऊन उतरवलं, तर तिथून मूळ ठिकाणी पोचवण्याचा खर्च कंपनीचा. आपल्याकडेही हे असंच स्वच्छ लिहिलेलं हवं, आणि आता तर जास्तच हवं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, म्हणजे तिकिटावर नुसतं "मुंबई" पाहून भागायचं नाही. जुन्याची अक्षरं बीओएम, नव्याची एनएमआय. पुण्याहून जाणाऱ्याला नवी मुंबई आधी लागते, अंधेरी पुढे. दोन्हींच्या मधे मुंबईची सगळी वाहतूक. बदली विमान कोणत्या मुंबईचं आहे, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

संकटात भाडं किती वाढतं, तेही आपण पाहिलं. शेवटी ६ डिसेंबरला सरकारने कमाल भाडं ठरवून दिलं. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, कर वेगळे. रेल्वेनेही जादा डबे जोडले, विशेष गाड्या सोडल्या. मला वाटतं, दुसरा विमानतळ शोधण्याआधी आपण रेल्वे शोधावी. रात्री झोपून सकाळी पोचवणारी गाडी विमानाइतकी झटपट नसते, पण तिला घाट उतरून पकडावं लागत नाही.

खाण्याचा प्रश्न आपला वेगळाच. उशीर ठरावीक मर्यादेबाहेर गेला की कंपनी खाणं-पाणी देते, पण ज्यांचा चौविहार आहे त्यांना रात्री आठचं कूपन काय कामाचं? आणि बटाटा-कांदा नसलेलं तिथे काय मिळणार? दशम्या, शेंगाची पोळी, खाकरा एवढं एका दिवसाचं जास्तीचं बरोबर ठेवायचं. पोट भरलेलं असलं की निर्णयही शांतपणे होतो.

शेवटी सगळ्यात कळीची गोष्ट. आपल्यापैकी किती जणींच्या तिकिटावर स्वतःचा मोबाईल नंबर असतो? तिकीट मुलगा काढतो, नाहीतर एजंट. विमान रद्द झाल्याचा मेसेज मुलाला जातो, तो तिकडे झोपलेला असतो. ओटीपी त्याच्याकडे, पैसेही त्याच्या कार्डावर परत. आणि जी प्रत्यक्ष रांगेत उभी आहे, तिला सगळ्यात शेवटी कळतं. मग निर्णय दुसऱ्यांनी घेतले तर नवल काय? तिकीट कुणीही काढो, नंबर आपला घालायला सांगा. पीएनआर डायरीत लिहून ठेवा. कंपनी ऐकत नसेल तर एअरसेवावर तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

काही प्रवास थांबवता येत नाहीत, हेही मला मान्य आहे. कुणाची शेवटची भेट असेल, परीक्षा असेल, दवाखाना असेल, तर जा. रात्रीही जा. पण सोबत कुणीतरी घेऊन, ड्रायव्हरला घोटभर चहा पाजून, घरी गाडीचा नंबर कळवून जा. बाकीच्या वेळी डायरी काढून बेरीज-वजाबाकी करा, आणि उत्तर "आज नाही" आलं तर ते मुलांना ठामपणे सांगा. साठ वर्षं घराचा हिशोब आपणच ठेवलाय, हाही ठेवू.

जय जिनेंद्र.